टेरोसॉरचा जीवाश्म फोटोत समोर आला तर तो कुठल्या गटातला, हे कसं ओळखायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट मिटवून टाकू, टेरोसॉर म्हणजे फार पूर्वीचा उडणारा सरपटणारा प्राणी, उडणारा डायनासोर नाही. खेळण्यांच्या पाकिटात टी रेक्स आणि ट्रायसेराटॉप्सच्या शेजारी तो पंखवालाही कोंबलेला असतो म्हणून आपल्या डोक्यात ते एकत्र बसलंय. नात्याने म्हणाल तर डायनासोरांचे चुलत भाऊ. पक्षी यांच्यापासून आले असंही नाही, पक्षी डायनासोरांच्या घरातले. वटवाघूळ तर सस्तन, त्याचा इथे काहीच संबंध नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना पंख मारत उडायची युक्ती तीनदा वेगवेगळी साधली आणि त्यात पहिला नंबर टेरोसॉरांचा, साधारण २१-२२ कोटी वर्षांपूर्वी, आणि मग ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ते होते. एकही वंशज मागे नाही, म्हणून जे काही कळतं ते दगडातूनच.

मी यातला शिकलेला माणूस नाही, हौशी आहे. म्युझियमचे मोठे फोटो आणि फुकटात वाचता येणारे पेपर बघत बसायची सवय लागली आणि त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे लिहितोय. सामान फार लागत नाही, नीट झूम होणारा फोटो, स्क्रीनवर अंतर मोजता येईल असं काहीतरी (मी सरळ प्लास्टिकची पट्टी स्क्रीनला लावतो, हसू नका) आणि एक वही. फोटोत स्केल नसला तरी चालतं कारण आपल्याला सेंटिमीटर नकोत, एका हाडाचं दुसऱ्याशी प्रमाण हवंय.

आता स्वतःचा हात समोर धरा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ही तीन टेरोसॉरला छोटी आणि नखंवाली असतात. करंगळी गायब. आणि अनामिका? ती ताणून ताणून अख्ख्या शरीरापेक्षा लांब झालेली, साधारण चार लांबच लांब कांडी, टोकाला नख नाही, आणि याच बोटापासून मागे मांडी-पोटरीपर्यंत कातडीचा पडदा. ज्या बोटाला आपल्याकडे धड नावही दिलं नाही त्या बोटावर हा अख्खा गट १५ कोटी वर्षं उडला, मला ही गोष्ट फार आवडते. दुसरी खूण मनगटापाशी शोधायची. तिथून खांद्याकडे वळलेली एक बारीक काडीसारखी हाडाची दांडी असते, तिला टेरॉइड म्हणतात, पंखाच्या पुढच्या बाजूचा छोटा पडदा ती सांभाळायची. हे हाड जगात दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही, म्हणजे लांब अनामिका आणि टेरॉइड दोन्ही दिसलं की विषय संपला.

आज हे सोपं वाटतं पण पहिला सांगाडा ज्याच्या हातात आला त्याची पुरती पंचाईत झाली होती. १७८४ मध्ये कोसिमो कोलिनी याने जर्मनीतल्या मानहाइमच्या संग्रहातला एक नमुना छापला, त्याला वाटलं हा समुद्रातला प्राणी असावा. मग १८०० मध्ये योहान हेरमानने पॅरिसच्या क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाला कळवलं की या लांब बोटावर पडदा असणार, आणि १८०१ मध्ये क्युव्हिएने ठामपणे सांगितलं की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे. १८०९ मध्ये त्याने नाव दिलं, पंख-बोट अशा अर्थाचं, तेच पुढे टेरोडॅक्टिलस. तरी सोमरिंग म्हणत राहिला की हे वटवाघळासारखं सस्तन आहे, आणि १८३० मध्येसुद्धा वाग्लरने ते पंख वल्ह्यासारखे वापरून पोहणारं दाखवलं. एकच प्राणी आणि मतं मात्र चार.

हा दगडही सांगण्यासारखा आहे. बव्हेरियातला सोल्नहोफेनचा चुनखडक, आपल्या शहाबादी फरशीसारखा थराथराने सुटणारा पण दाणा इतका बारीक की जुन्या शिळाछापाच्या छपाईसाठी हाच दगड जगभर जायचा. दाणा बारीक म्हणून हाडांची बारीक नक्षी टिकते, कधीकधी पडद्याचे ठसेसुद्धा. फोटोत पिवळसर गुळगुळीत फरशी आणि त्यावर हातपाय पसरलेला छोटा सांगाडा दिसला तर सोल्नहोफेन किंवा त्याच्या आसपासचं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे ज्युरासिकचा शेवट, साधारण १५ कोटी वर्षं.

पण अख्खा सांगाडा मिळणं ही लॉटरी. बहुतेक वेळा मिळतात तुकडे, आणि टेरोसॉरची हाडं पोकळ, मोठ्या प्राण्यातही भिंत कितीदा जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे दगडाच्या वजनाखाली त्यांचा पापड होतो. म्हणून तुकड्यावरून बोलताना जपून. २०१४ मध्ये रोमानियातल्या एका सपाट हाडावरून थॅलासोड्रोमियस नावाच्या तुरेवाल्या टेरोसॉरची नवी जात जाहीर झाली, मोठा तुरा म्हणे, आणि त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की अहो हा तुरा नाही, कासवाच्या पोटाकडच्या कवचाचा तुकडा आहे. शिकलेल्या लोकांचं असं होतं तर आपण फोटो बघून किती खात्रीने बोलायचं ते ठरवा.

बरं, टेरोसॉर आहे हे ठरलं. आता पुढचा प्रश्न, जुन्या धाटणीचा की नव्या. पुस्तकांत पूर्वी सरळ दोन खाती असायची, लांब शेपटीवाले रॅम्फोरिंकॉइड आणि आखूड शेपटीवाले टेरोडॅक्टिलॉइड. यातलं दुसरं खातं खरं आहे, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेलं कुटुंब. पहिलं खातं म्हणजे नुसतं "बाकीचे सगळे", जसं कुणी विचारलं की तुमच्या सोसायटीत कोण राहतं तर देशपांडे आणि "देशपांडे नसलेले" असं सांगावं. त्यामुळे आता शास्त्रज्ञ ते नाव गट म्हणून वापरत नाहीत, बोलताना सोयीसाठी येतं इतकंच.

मोजायचं कसं ते सांगतो. दंडाचं हाड शोधा, म्हणजे खांदा ते कोपर. ते आखूड आणि दणकट असतं, खांद्याकडे एक मोठा बाहेर आलेला पाखा असतो ज्याला उडायचे स्नायू चिकटायचे, त्यामुळे लगेच सापडतं. मग मनगट आणि पंखाचं बोट यांच्यामधलं तळहाताचं हाड शोधा. दोन्ही मोजा आणि तळहाताला दंडाने भागा. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर जुन्या धाटणीचा, ०.८ किंवा वर आलं तर टेरोडॅक्टिलॉइड. ही मी काढलेली रेघ नाही, गटाची व्याख्याच तशी केली गेलीय. रॅम्फोरिंकसमध्ये तळहात दंडापेक्षा खूपच आखूड निघतो, टेरोडॅक्टिलसमध्ये जवळपास दंडाच्या बरोबरीला येतो आणि कॅन्ससच्या टेरानोडॉनमध्ये दंडाच्या दुप्पट वगैरे. एकदा करून बघा, दोन फोटो, चार मापं, पाच मिनिटांचं काम. एक मात्र बघा की हाड आडवं पडलेलं असावं, दगडात तिरकं घुसलेलं असेल तर माप फसतं.

एका खुणेवर मात्र थांबायचं नाही. शेपूट बघा, लांब असेल तर मणक्यांना समांतर हाडांच्या बारीक काड्या असतात, झाडूच्या काड्या बांधाव्यात तशा, त्याने शेपूट ताठ राहायची. पायाचं पाचवं बोट बघा, जुन्यांमध्ये लांब, नव्यांमध्ये नुसता खुंट. मग कवटी. जुन्यांमध्ये नाकपुडीचं भोक वेगळं आणि डोळ्याच्या पुढचं भोक वेगळं, मध्ये हाडाची पट्टी. नव्यांमध्ये ती पट्टी गेली आणि एकच मोठं भोक झालं.

आणि इथेच खरी मजा आहे. २००९ च्या सुमाराला चीनच्या लिआओनिंगमधून एक प्राणी समोर आला, वय साधारण १६ कोटी वर्षं, नाव डार्विनॉप्टेरस, डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली ते वर्ष म्हणून. याच्या कवटीत एकच मोठं भोक, मान लांब, म्हणजे डोकं-मान बघून कोणीही टेरोडॅक्टिलॉइड म्हणेल. आणि मानेखाली सगळं जुनं, तळहात आखूड, शेपूट लांब, पाचवं बोट लांब. म्हणजे डोकं नव्या मॉडेलचं आणि चॅसी जुनी! आधी लोकांना वाटायचं की सगळं थोडं थोडं एकदम बदललं असेल, शेपूट जरा आखूड, तळहात जरा लांब, असं. प्रत्यक्षात डोकं आणि मान आधी बदलली, बाकी मागून आलं. मागून कसं आलं तेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या स्किफोसौरामुळे दिसलं, दोनेक मीटर पंखविस्ताराचा प्राणी, डार्विनॉप्टेरसपेक्षा तळहात लांबलेला, पाचवं बोट आणि शेपूट कमी झालेलं पण अजून आहे. म्हणून वहीत प्रत्येक खूण वेगळी लिहा. कवटी नवी, शेपूट जुनी असं निघालं तर तुमचं मोजमाप चुकलं असं लगेच समजू नका, कदाचित तो मधलाच प्राणी असेल.

उलट्या बाजूने फसवणारेही आहेत. एन्युरोग्नॅथिड नावाचे छोटे, बेडकासारखं रुंद तोंड, मोठे डोळे, बहुधा उडते किडे खाणारे. यांची शेपूट आखूड, म्हणजे नुसती शेपूट बघणारा यांना टेरोडॅक्टिलॉइड म्हणून मोकळा होणार, पण तळहात आखूडच. यांना वंशवृक्षात बसवायचं कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. २००३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या एकाच पुस्तकात केल्नर आणि अनविन या दोघांचे दोन वंशवृक्ष छापले गेले, केल्नरच्या झाडात एन्युरोग्नॅथिड अगदी बुडाशी, अनविनच्या झाडात बुडाशी डायमॉर्फोडॉन नावाचा दुसराच एक जुना टेरोसॉर. नंतर काहींनी तर त्यांना टेरोडॅक्टिलॉइडांचे शेजारी करून टाकलं.

टेरोडॅक्टिलॉइड निघाला की पुढची वाटणी तोंडावरून आणि मानेवरून. दात कंगव्यासारखे दाट आणि बारीक असतील तर गाळून खाणारे, त्यातला अर्जेंटिनाचा टेरोडॉस्ट्रो तर हद्द आहे, खालच्या जबड्यात ब्रशच्या केसांसारखे शेकडो दात, फ्लेमिंगो आठवतो बघून. चोचीचं टोक बिनदाताचं, वर वळलेलं आणि मागे बोथट दणकट दात असतील तर चीनच्या झुंगार खोऱ्यातला झुंगारिप्टेरस, शिंपले वगैरे फोडून खात असावा. पुढचे दात लांब आणि बाहेर फाकलेले असतील तर मासे पकडणारी अनहँग्वेराच्या गोतावळ्यातली मंडळी. एकही दात नसेल तर घाई करू नका, कारण दात जाणं ही गोष्ट बहुतेक वंशवृक्षांमध्ये एकापेक्षा जास्त वेळा झालेली दिसते, टेरानोडॉनही बिनदाताचा आणि अझदार्किडही, पण ते सख्खे नाहीत. दात नसण्यावरून नातं जोडणं म्हणजे टक्कल बघून भाऊ ठरवण्यासारखं.

अझदार्किड ओळखायचे मानेवरून. मानेचे मधले मणके नळीसारखे, लांबच लांब, वरचा उंचवटा जवळजवळ नाहीसा. इतके विचित्र की जॉर्डनमध्ये १९४० च्या दशकात सापडलेला ६० सेंटिमीटरहून लांब असा एक मणका आरंबूर्ग या फ्रेंच शास्त्रज्ञाला पंखाचं हाड वाटला! त्याने त्यावरून टायटॅनॉप्टेरिक्स असं नाव दिलं, नंतर कळलं की ते नाव आधीच एका माशीला दिलेलं आहे, मग ते बदलून आरंबूर्गियानिया झालं. मोरोक्कोतल्या अलान्का नावाच्या अझदार्किडचा मणका सीटी स्कॅन करून २०२१ मध्ये दाखवलं गेलं की आत मध्ये एक नळी आणि तिच्यापासून भिंतीपर्यंत सायकलच्या आऱ्यांसारख्या हाडाच्या तारा आहेत. हलकं पण वाकणार नाही असं.

याच घराण्यातला केत्साल्कोआत्लस. १९७१ मध्ये टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला पंखाची हाडं सापडली, १९७५ मध्ये जाहीर केली तेव्हा पंखविस्ताराचा अंदाज १५ मीटरच्या वर गेला होता, आता १० ते ११ मीटर मानतात. तरी उभा राहिला की जिराफाएवढा. पण एक लक्षात घ्या, त्या राक्षसाची म्हणजे नॉर्थ्रोपी या मोठ्या जातीची एका पंखाचीच हाडं आहेत, चित्रांत दिसतो तो पूर्ण प्राणी त्याच भागातल्या लहान जातीच्या अनेक सांगाड्यांवरून भरून काढलेला आहे, आणि त्या लहान जातीला २०२१ मध्ये लॉसनचंच नाव मिळालं. म्हणून कुठलंही भारी चित्र बघितलं की पहिला प्रश्न, यातली खरी हाडं किती?

आता सगळ्यात जास्त लोक जिथे आपटतात ती जागा. तुरा आणि आकार. तुऱ्यावरून आणि आकारावरून जात ठरवायची नाही, नाही म्हणजे नाही. सोल्नहोफेनच्या रॅम्फोरिंकसच्या एकेकाळी बऱ्याच जाती मानल्या जायच्या, छोटी, मधली, मोठी, चोचीत थोडा फरक, दातांत थोडा फरक. ख्रिस बेनेट यांनी १९९५ मध्ये बरेच नमुने मोजून आकडे मांडले तर ते ठरावीक मापांच्या घोळक्यांत पडले, आणि त्यांचा निष्कर्ष असा की या वेगळ्या जाती नाहीत, एकाच जातीची वेगवेगळ्या वयाची पोरं आहेत. शाळेचा पहिली ते दहावीचा ग्रुप फोटो बघून दहा जमाती आहेत म्हणावं तसं झालं होतं ते. टेरानोडॉनचंही त्यांनीच दाखवलं, हजाराहून जास्त नमुने आहेत त्याचे, त्यात मोठे आणि लांब तुऱ्याचे एका बाजूला, लहान आणि बुटक्या तुऱ्याचे दुसऱ्या बाजूला, आणि लहानांचा कमरेचा भाग रुंद, म्हणजे त्या माद्या असाव्यात. हे पटवणारा नमुना २०११ मध्ये आला, डार्विनॉप्टेरसची मादी शेजारी अंड्यासकट, कंबर रुंद आणि डोक्यावर तुरा नाहीच.

वय तपासायला मी तीन जागा बघतो. खांद्याची दोन हाडं एकमेकांना जुळून एक झालीत का. पाठीचे मणके, मोठ्या जातींत, एकत्र जुळलेत का. आणि पंखाच्या बोटाच्या पहिल्या कांड्याच्या बुडाशी एक छोटा गड्डा असतो, जिथे बोट ताणणारी शीर चिकटायची, तो कांड्याला जुळलाय की सुटा आहे. सुटा असेल आणि हाडाचा पृष्ठभाग खरखरीत दाणेदार असेल तर पिल्लू. तिथे थांबायचं आणि नव्या जातीची भाषा करायची नाही. पिल्लं कमी सापडतात असंही नाही, चीनच्या हामी भागातून २०१७ मध्ये हामिप्टेरसची २०० च्या वर अंडी एकत्र जाहीर झाली, १६ अंड्यांत भ्रूणाची हाडं.

एवढं जमलं की वहीतल्या खुणांचा तक्ता करा. आडवे प्राणी, उभ्या खुणा, आहे तिथे १, नाही तिथे ०, दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकायला लाजायचं नाही, पुसट दिसतंय म्हणून ० लिहिला की पुढचं सगळं झाड वाकडं. शास्त्रज्ञ शेकडो खुणांचे असे तक्ते सॉफ्टवेअरला देतात आणि ते कमीत कमी बदलांत बसणारं झाड शोधतं. त्यात एक परका प्राणी लागतो, जुनं काय आणि नवं काय ते ठरवायला. टेरोसॉरांसाठी हा परका कोण हाच वर्षानुवर्षं घोळ होता, कारण सगळ्यात जुना टेरोसॉरसुद्धा दगडात येतो तो पूर्ण पंखांसकट. इटलीत बेर्गामोजवळ सापडलेला आणि १९७३ मध्ये नाव मिळालेला युडायमॉर्फोडॉन घ्या, २० कोटी वर्षांहून जुना, अनामिका लांब, टेरॉइड हजर, सगळं तयार. अर्धे पंख असलेला कोणी अजून सापडलेला नाही.

२०२० मध्ये उत्तराच्या जवळ जाता आलं. लॅगरपेटिड म्हणून छोटे, सडपातळ, बिनपंखांचे प्राणी होते, त्यांना डायनासोरांचे नातेवाईक समजायचे. त्यांच्या कवट्या आणि कानाच्या आतली पोकळी स्कॅन करून बघितली तर ती टेरोसॉरांशी जुळली, अनेक टोकांचे दातसुद्धा. म्हणजे तोल सांभाळायचा कान आधी आला, पंख मागून. दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या स्क्लेरोमोक्लसचं स्कॅन झालं, वीतभर प्राणी, दगडात नुसता पोकळ साचा उरलेला, तोही याच बाजूला गेला. तक्ता करताना लॅगरपेटिड पहिल्या ओळीत टाका.

शेवटी वय. गटाचं नाव लिहिताना थराचं वयही लिहाच, पण "त्या काळात एवढेच प्रकार होते" असा अर्थ काढू नका. पोकळ हाडं टिकायला शांत पाणी आणि बारीक गाळ लागतो आणि तशा जागा मोजक्या. बराच काळ म्हणायचे की अगदी शेवटी बहुतेक अझदार्किडच उरले होते, गट आपणहून संपत आला होता. मग २०१८ मध्ये मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींमधून शेवटच्या काळातल्या निदान सात जाती आणि तीन कुटुंबं बाहेर आली. जाती कमी नव्हत्या, खाणी कमी होत्या.

आणि आपल्याकडे? सह्याद्रीत शोधू नका, तो लाव्हाचा काळा पाषाण आहे. पण प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचाच्या पट्ट्यात, ज्युरासिकच्या सुरुवातीच्या काळातले कोटा थर आहेत, बारापासॉरस हा डायनासोर ज्या थरांतून आला तेच. जुन्या चांदा भागातून वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला होता आणि १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी त्याला कॅम्पिलोग्नॅथॉइडस इंडिकस असं नाव दिलं, म्हणजे एका जर्मन टेरोसॉरचा भारतीय भाऊ. २००८ मध्ये केव्हिन पेडियन यांनी तपासून सांगितलं की एवढ्याशा तुकड्यावर हे नाव उभं राहत नाही, तो टेरोसॉरचाच आहे हेही ठामपणे म्हणता येत नाही. वर दिलेली यादी लावून बघा म्हणजे अडचण लगेच कळते. दंड नाही, तळहात नाही, टेरॉइड नाही, मानेचा मणका नाही, भोक एक की दोन ते कळत नाही. वहीत सगळी प्रश्नचिन्हं. त्याच थरातून उद्या लांब अनामिकेचं एक जरी कांडं निघालं तरी पहिला रकाना भरेल.